205 नको, 185 घ्या: स्विफ्टचा टायर साइझ बदलण्याआधीचा हिशेब

प्रश्न: माझी 2019 ची स्विफ्ट व्हीएक्सआय (पेट्रोल) आहे. राहायला इंदिरानगर, नोकरी सातपूर एमआयडीसीत आणि शेती दिंडोरी तालुक्यात, त्यामुळे आठवड्याला एक-दोन फेऱ्या तिकडे होतातच. शेवटचा दीड किलोमीटर शिवाररस्ता आहे, तिथे गाडीचं चेंबर (इंजिनाच्या तळाचं ऑइलचं भांडं) घासतं. कंपनीचे 165/80 आर 14 टायर संपत आलेत; पुढे 2 मिमी नक्षी उरली आहे, मागे 3 मिमी. दुकानदार म्हणतो, माझ्याकडे 15 इंची, 6 इंच रुंद अ‍ॅलॉयचा सेकंडहँड सेट आहे, त्यावर 205/65 टाका, गाडी उंच होईल आणि पावसात रस्ता पकडून चालेल. मीटर 80 दाखवतो तेव्हा मोबाइलचा मॅप 75 दाखवतो, ती चूकही त्याने निघून जाईल म्हणे. भाऊ म्हणतो, मायलेज जाईल आणि आरटीओचा घोळ होईल. कोणाचं ऐकू? आणि आत्ता पुढचे दोनच बदलले तर चालेल का?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

नमस्कार. आधी निकाल सांगतो, मग त्यामागचा हिशेब. 15 इंची रिमवर जायचं असेल तर जा, पण टायर 185/65 आर 15 घ्या. तुमच्याच स्विफ्टच्या झेडएक्सआय या वरच्या मॉडेलला कंपनी हाच साइझ देते. रिमवर खर्च करायचा नसेल तर आहे तोच 165/80 आर 14 पुन्हा टाका, त्यात काहीही कमीपणा नाही. 205/65 चा विचार सोडून द्या. आणि चेंबर घासण्याचा प्रश्न टायरने सुटणार नाही, त्याचं वेगळं बघू.

साइझ बदलताना पहिली बघायची गोष्ट म्हणजे टायरचा पूर्ण बाहेरचा व्यास. रुंदी, रिम, दिसणं हे सगळं नंतर. गाडीचा मीटर, गिअर आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा) हे सगळं चाक एका फेऱ्यात किती अंतर कापतं त्यावर बेतलेलं असतं, आणि हे अंतर व्यासावर ठरतं. साइझमधला पहिला आकडा म्हणजे टायरची मिलिमीटरमधली रुंदी. दुसरा आकडा उंची सांगतो, पण मिलिमीटरमध्ये नाही, रुंदीच्या टक्क्यांत. बरेच लोक इथेच फसतात: 65 दोन्हीकडे सारखं दिसतं म्हणून 185/65 आणि 205/65 ची उंची सारखी वाटते. प्रत्यक्षात 185 चे 65 टक्के म्हणजे 120 मिमी, आणि 205 चे 65 टक्के म्हणजे 133 मिमी. शेवटचा आकडा रिमचा व्यास, तो इंचात; 25.4 ने गुणला की मिलिमीटर झाले.

मग गणित सोपं आहे. रुंदी गुणिले टक्के, त्याची दुप्पट (कारण टायर रिमच्या वरही असतो आणि खालीही), त्यात रिम मिळवायचा. तुमचा आत्ताचा टायर: 165 चे 80 टक्के 132, दुप्पट 264, अधिक 14 इंचांचे 355.6, एकूण 619.6 मिमी. बाकीचे त्याच्याशी ताडून बघा:

185/65 आर 15: 621.5 मिमी, म्हणजे 0.3 टक्के मोठा
195/60 आर 15: 615 मिमी, 0.7 टक्के लहान
185/70 आर 14: 614.6 मिमी, 0.8 टक्के लहान
195/55 आर 16: 620.9 मिमी, 0.2 टक्के मोठा
195/65 आर 15: 634.5 मिमी, 2.4 टक्के मोठा
205/65 आर 15: 647.5 मिमी, 4.5 टक्के मोठा

कंपनीने 14 वरून 15 वर जाताना टायरची उंची 132 वरून 120 वर आणली आणि एकूण व्यास जवळपास तोच ठेवला, हे पहिल्या ओळीत दिसतं. रिम मोठा झाला की टायरची भिंत तेवढी बुटकी व्हायला हवी. तुमच्या दुकानदाराने रिमही मोठा केला आणि भिंतही उंचच ठेवली, म्हणून व्यास सुटला.

टायरच्या धंद्यात वर-खाली 3 टक्क्यांपर्यंत चालतं असं सांगतात. आमच्या मते रोजच्या गाडीला 1 ते दीड टक्क्याच्या पुढे जायचं काही कारण नसतं, त्यातही वरच्या बाजूला तर नाहीच. व्यास लहान झाला तर मीटर खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवतो. गाडी थोडी बसते, पण पावती फाटत नाही. व्यास मोठा झाला की मीटर कमी दाखवायला लागतो आणि ते तुमच्या लक्षातही येत नाही.

आता तुमच्या 80 आणि 75 बद्दल. हा मुद्दा दुकानदाराने सगळ्यात गोड करून सांगितला आहे, म्हणून जरा खोलात जाऊ. स्पीडोमीटर थोडा जास्त दाखवतो ती चूक नसून कंपनीने मुद्दाम ठेवलेली सूट असते. मीटरने प्रत्यक्ष वेगापेक्षा कमी दाखवता कामा नये, असं संयुक्त राष्ट्रांच्या मोटार-नियमांतही स्पष्ट आहे. पण तुमच्या 5 किलोमीटरच्या फरकातला काही भाग त्या सुटीचाही नाही, तो झिजलेल्या टायरचा आहे. नव्या टायरला साधारण 8 मिमी नक्षी असते. तुमच्या पुढच्या टायरला 2 उरली आहे, म्हणजे 6 मिमी घासून गेली. व्यासात ती दुप्पट धरायची, म्हणजे 12 मिमी. आज पुढच्या चाकाचा व्यास 619.6 नसून 607.6 च्या आसपास आहे, जवळपास 2 टक्के कमी.

म्हणजे याच साइझचे नवे टायर टाकले तरी मीटर 80 दाखवेल तेव्हा मॅप साडेशहात्तरच्या आसपास दाखवेल. 185/65 आर 15 ने 76.7. 205/65 ने तो जवळपास 80 वर येईल. ऐकायला छान वाटतं, पण कंपनीने ठेवलेली सगळी सूट तुम्ही संपवलीत. टायरच्या हवेत, ब्रँडच्या मापात, मीटरमध्येच थोडा फरक असतो. तो उलट्या बाजूला गेला की मीटर 118 वर आणि गाडी 120 च्या पुढे. शहरात याने काही बिघडत नाही. समृद्धीवर इगतपुरीकडून चढलात, 120 ची मर्यादा पाळतोय म्हणून निवांत बसलात, तर कॅमेऱ्याला तुमच्या मीटरशी काही देणंघेणं नसतं.

भावाच्या मायलेजच्या मुद्द्यातही दोन गोष्टी एकात एक मिसळल्यात. 205/65 टाकल्यावर किलोमीटरचा आकडाही कमी पडतो: गाडी 1000 किलोमीटर चालली तर नोंद 957 ची होते. टाकी फुल करून आकडा भागायचा, या पद्धतीने मायलेज 4 टक्क्यांच्या वर पडलेलं दिसेल आणि त्यात पेट्रोलचा एक थेंबही जास्त जळालेला नसेल. खरं नुकसान वेगळं: रुंद टायर रस्त्यावर जास्त घासतो आणि एकेक टायर दीड-दोन किलोने जड असतो. तो वजनाचा भार चाकाच्या अगदी बाहेरच्या कडेला असल्यामुळे प्रत्येक सिग्नलवरून निघताना इंजिनाला जाणवतो. शिवाय चाक मोठं म्हणजे गिअर लांबल्यासारखा होतो, रस्त्यावर मिळणारा जोर 4.3 टक्क्यांनी घटतो. कसारा घाटात एसी लावून चार माणसं घेऊन चढताना जिथे तिसरा गिअर कसाबसा ओढत होता, तिथे दुसऱ्यात यावं लागेल. ब्रेकचंही तसंच, तेवढ्याच थांबण्यासाठी पायाचा दाब थोडा जास्त लागतो.

हे आकडे कागदावरचे आहेत. प्रत्यक्षात एकाच साइझचे दोन ब्रँड मोजले तर काही मिलिमीटरचा फरक सापडतो, म्हणून घरी मोजून बघायची सोय सांगतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये सपाट जागा बघा. हवा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे भरलेली असू द्या. पुढच्या टायरच्या अगदी तळाशी खडूने रेघ मारा, तीच रेघ जमिनीवरही ओढा. कोणाला तरी गाडी हळूहळू सरळ ढकलायला लावा, रेघ पाच वेळा जमिनीला टेकू द्या आणि तिथे दुसरी खूण करा. टेपने अंतर मोजून पाचाने भागा. गणिताने व्यास गुणिले 3.14 म्हणजे 1946 मिमी यायला हवं, पण टेप नव्या 165/80 ला 1890 च्या जवळपास दाखवेल. गोंधळून जाऊ नका. गाडीच्या वजनाने टायर खाली दबतो, त्यामुळे रेडियल टायरचा चालता परीघ व्यासाच्या 3.05 पट धरतात. तुमच्या झिजलेल्या टायरवर 1850 च्या आसपास आकडा येईल. नवे टायर बसवल्यावर हेच पुन्हा करा. दोन आकड्यांच्या भागाकारातून तुमच्या मीटरमध्ये नेमका किती फरक पडला ते कळेल, कोणाच्या शब्दावर जावं लागणार नाही.

आता चेंबर. व्यास वाढला की गाडी त्याच्या निम्मीच उचलली जाते. 205/65 मुळे 28 मिमी व्यास वाढतो, गाडी 14 मिमी वर येते. करंगळीच्या रुंदीएवढी. हा हिशेब नव्या 165/80 शी ताडून; त्याखेरीज 6 मिमी तर तुम्हाला कुठलाही नवा टायर देणारच आहे, कारण तुमचे पुढचे टायर झिजून गाडी तेवढी खाली बसलेली आहे. म्हणजे त्या 14 मिमीसाठी मीटर, ब्रेक, गिअर सगळं बिघडवायचं.

त्याआधी गाडी मुळात बसली आहे का ते तपासा. गाडी रिकामी, सपाट जमिनीवर. चाकाच्या मधल्या बिंदूपासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावा, चारही चाकांना. डावी-उजवीत 10 मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर त्या बाजूची स्प्रिंग किंवा वरचं माउंटिंग गेलेलं असतं. द्राक्षांच्या हंगामात डिकीत आणि मागच्या सीटवर क्रेट भरून आणत असाल तर मागच्या स्प्रिंगांकडे खास लक्ष द्या. त्या दमलेल्या असतील तर त्याच बदला, गाडी आपोआप मूळ उंचीला येईल. शॉकअप तेलकट झालेत का तेही बघून घ्या. शॉकअप मेला की गाडी खड्ड्यात जास्त खोल झुकते, आणि चेंबर घासतं ते नेमकं तेव्हाच, गाडी उभी असताना नाही. इंजिनाखाली लोखंडी गार्ड बसवता येतो. तो जाड असला तर तोही काही मिलिमीटर उंची खातो, पण दगड चेंबरला लागण्याऐवजी त्याला लागतो. ऑइल बदलण्याच्या नटासमोर त्याला भोक आहे ना, हे बसवतानाच बघा, नाहीतर दर सर्व्हिसिंगला अख्खा गार्ड उतरवावा लागतो.

शिवाररस्त्याचा विचार करता एक आडबाजूची गोष्ट: 14 इंची टायरची 132 मिमीची भिंत हीच तुमची सगळ्यात चांगली गादी आहे. 185/65 ला ती 120 होते, फरक जाणवेल पण चालेल. वरच्या यादीतला 195/55 आर 16 व्यासाने अगदी चोख जुळतो, पण त्याची भिंत 107 मिमी. एखाद्या टोकदार दगडावर किंवा खोदकामाच्या कडेवर तो रिम आणि दगड यांच्यामध्ये चिमटतो, भिंतीतले धागे तुटतात आणि बाहेर फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही. सिंहस्थाच्या कामांसाठी शहरात जागोजागी रस्ते उकरलेले असताना 16 इंची हौस कोणी करू नये.

पावसात रुंद टायर जास्त पकडतो, हा समज सरसकट खरा नाही. कोरड्या डांबरावर तो बऱ्यापैकी खरा आहे. साचलेल्या पाण्यात मात्र टायरला समोरचं पाणी बाजूला सारून खाली रस्ता गाठायचा असतो. टायर जितका रुंद तितकं जास्त पाणी सारावं लागतं, आणि तुमच्या छोट्या गाडीचं वजन तेवढ्या रुंदीवर पसरल्यामुळे दाबही कमी पडतो. इगतपुरीच्या पावसात 205 चा टायर 165 च्या आधी पाण्यावर तरंगायला लागेल. पावसातली पकड मुख्यतः नक्षीच्या खोलीवर आणि रबराच्या जातीवर ठरते. कायद्याने 1.6 मिमीपर्यंत टायर चालतो, पण 3 मिमीच्या खाली गेला की पावसातलं ब्रेकिंग झपाट्याने बिघडतं. म्हणून तुमचे पुढचे टायर पावसाळा तोंडावर असेल तर आजच बदलण्याजोगे आहेत, आणखी हजार-दोन हजार किलोमीटर ओढू नका.

सेकंडहँड अ‍ॅलॉयकडे वळू, कारण पैसे बुडण्याची जागा टायरपेक्षा तीच मोठी आहे. रिमच्या आतल्या बाजूला आकडे कोरलेले असतात. ते दुकानात उभं राहून वाचा, दिसत नसतील तर घासून पुसून वाचा.

रुंदी 6 जे (म्हणजे 6 इंच) असेल तर त्यावर 185/65 बसतो. त्या टायरला 5 ते साडेसहा इंच रुंदीचा रिम चालतो. (तुमचे लोखंडी रिम 5 इंची आहेत. 205/65 ला निदान साडेपाच लागतो.) मग पीसीडी, म्हणजे नटांच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास: स्विफ्टला चार भोकं आणि 100 मिमी. बाजारात 98 आणि 108 चे रिमही फिरतात. 98 चा तर फसवा. चारही नट लागतात, पण तिरके बसतात आणि चालता चालता सैल होतात. मधलं भोक 54.1 मिमी हवं. बाहेरच्या रिमना ते बहुतेक वेळा मोठं असतं, तेव्हा मध्ये बसणारी हब रिंग घ्यावी लागते. रिंग न घालता बसवलं की चाक केसभर तिरकं बसतं आणि 80 ते 100 च्या दरम्यान स्टिअरिंग थरथरतं. लोक मग तीन-तीनदा बॅलन्सिंग करत बसतात आणि काही उपयोग होत नाही.

सगळ्यात दुर्लक्षित आकडा ईटी, म्हणजे ऑफसेट. रिमच्या रुंदीच्या मध्यापासून चाक हबला (चाक ज्यावर नटांनी बसतं तो भाग) टेकतं ती जागा किती मिलिमीटर बाहेरच्या बाजूला आहे, ते हा आकडा सांगतो. ईटी कमी म्हणजे चाक बाहेर येतं. समजा आधीचा रिम साडेपाच इंची, ईटी 45. नवा 6 इंची, ईटी 38. अर्धा इंच जास्त रुंदीतले 6.35 मिमी दोन्हीकडे गेले, ऑफसेटमुळे चाक 7 मिमी बाहेर सरकलं. बाहेरची कड 13 मिमी पुढे आली, आतली होती तिथेच राहिली. एवढ्याने वळताना आणि लोड असताना टायरचा खांदा मडगार्डच्या कडेला लागू शकतो, बेअरिंगवर ताण वाढतो आणि पावसात दारांवर चिखल उडायला लागतो तो वेगळाच. तुमच्या रिमवरचा आकडा आणि नव्याचा आकडा, दोन्हींतला फरक 5 मिमीच्या आत ठेवा.

सेट विकत घेण्याआधी चारही रिम रिकामे बॅलन्सिंग मशीनवर फिरवून घ्या. कड डोलताना दिसली की सेट परत. आतल्या बाजूला वेल्डिंगची रेघ असेल तर फुकट दिला तरी घेऊ नका. नट पण विचारा: स्विफ्टचा नट 12 मिमीचा, 1.25 पिचचा (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, मिमीत). दुसऱ्या कंपन्यांच्या कित्येक गाड्यांना 1.5 पिचचा असतो. तो हाताने एक-दोन फेरे जातो, मग अडतो. गनने रेटला की बोल्टची आटी कापली जाते. नट हाताने पाच-सहा फेरे सहज फिरला पाहिजे.

टायरवरचे शेवटचे अंक-अक्षर, उदाहरणार्थ 85 एस, हेही बघा. 85 म्हणजे एका टायरला 515 किलो भार, 88 म्हणजे 560. एस म्हणजे 180 किमी वेगापर्यंत, टी 190, एच 210. कंपनीच्या आकड्यापेक्षा भार कधीही खाली घेऊ नका. 185/65 आर 15 सर्रास 88 मध्ये मिळतो, म्हणजे क्रेट वाहणाऱ्या माणसाला बरंच. भिंतीवर डीओटी (DOT) या अक्षरांपुढच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. 1425 असेल तर 2025 च्या चौदाव्या आठवड्यात बनलेला. सहा महिन्यांच्या आतला मागा, वर्षावरचा असेल तर किंमत पाडून मागा. आयएसआय चिन्ह हवंच. कोटेशन कागदावर घ्या, त्यात साइझ, भार-वेगाचा आकडा, पॅटर्नचं नाव आणि उत्पादनाचा आठवडा लिहून घ्या. नाहीतर गाडी जॅकवर चढल्यावर "तो नाही आला, हा त्याच्याहून भारी आहे" सुरू होतं.

पुढचे दोनच बदलायचे का? साइझ बदलणार असाल तर अजिबात नाही. पुढे 205/65 आणि मागे झिजलेले 165/80 म्हणजे व्यासात 38 मिमीचा फरक. एबीएस चारही चाकांचे फेरे सतत ताडून बघतं. पुढची-मागची चाकं कायमच वेगळ्या गतीने फिरताना दिसली की कधी दिवा लावतं, कधी ब्रेक सोडण्याची वेळ चुकवतं. 165/80 च ठेवत असाल आणि पैशांची ओढ असेल तर दोन घ्या, पण नवे दोन मागे लावा आणि मागचे 3 मिमीवाले पुढे आणा. पुढे दोन मिमी आणि मागे तीन मिमी यात वाचवण्यासारखं फार नाही, पावसाळ्याआधी उरलेले दोनही घ्यावेच लागतील. दुकानदार नवे पुढे लावायला बघेल, कारण गाडी पुढच्या चाकांवर ओढते आणि स्टिअरिंग तिकडे आहे. पण पुढची चाकं घसरली तर स्टिअरिंग हलकं होऊन तुम्हाला कळतं, पाय आपोआप सुटतो. मागची घसरली की गाडी आडवी होते, आणि तेव्हा सावरायला वेळ नसतो.

आरटीओ आणि विमा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मूळ उत्पादकाने दिलेल्या तपशिलात परवानगीशिवाय बदल करायला मनाई करतं, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182 अ नुसार नियमबाह्य बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. प्रत्यक्ष नाक्यावर पोलीस टेप घेऊन टायर मोजत नाही, हे खरं. प्रश्न अपघातानंतर येतो: सर्व्हेअरला कंपनीच्या यादीत नसलेला साइझ आणि मडगार्डला घासल्याच्या खुणा दिसल्या की क्लेम अडवायला निमित्त मिळतं. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरचं स्टिकर आणि गाडीचं मॅन्युअल काढून बघा. त्यात जो साइझ छापला असेल त्यावर वाद घालायला जागा कमी राहते. 185/65 निवडण्यामागे हेही एक कारण आहे. अ‍ॅलॉय बसवण्याआधी विमा कंपनीला ईमेल करा, त्यांचं लेखी उत्तर पॉलिसीच्या कागदात ठेवा आणि रिमची किंमत पॉलिसीत वेगळी दाखवून घ्या.

बसवण्याच्या दिवशी घाई करू नका. हवेचे व्हॉल्व्ह नवेच घाला, जुने तसेच ठेवून कोणी पैसे वाचवत नाही. चारही बॅलन्स, मग अलाइनमेंट, आणि तिचा छापील कागद. नट आधी हाताने, मग तिरक्या क्रमाने. शेवटचा आवळ टॉर्क पान्याने, मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्यावर. गनने करकचून आवळलेला नट रस्त्यात पंक्चर झाल्यावर तुमच्या टूलकिटच्या पान्याने सुटत नाही. 80-100 किलोमीटरनंतर एकदा पुन्हा आवळून घ्या, अ‍ॅलॉयला हे हमखास लागतं. हवा स्टिकरप्रमाणे, टायर थंड असताना. मागे क्रेट असतील त्या दिवशी स्टिकरवरचा पूर्ण लोडचा आकडा.

मग घासतं का ते बघा. मागे तीन माणसं बसवा, स्टिअरिंग पूर्ण डावीकडे तोडून एखाद्या स्पीडब्रेकरवरून हळू काढा, मग पूर्ण उजवीकडे तोडून. आवाज आला नाही तरी खाली वाकून मडगार्डच्या आतल्या काळ्या प्लॅस्टिकवर चकाकलेला पट्टा दिसतो का ते बघा आणि टायर व शॉकअपच्या स्प्रिंगचं ताट यांच्यामध्ये बोट जातं का ते चाचपा. एक बोटही जात नसेल तर तो सेट तिथेच उतरवा. नव्या टायरवर कारखान्यातला चिकट थर असतो, पहिले 150-200 किलोमीटर ब्रेक आणि वळणं सांभाळून.

राहिली स्टेपनी. ती 165/80 आर 14 च राहू द्या. 185/65 शी तिचा व्यास 2 मिमीनेच वेगळा असल्यामुळे पंक्चर झाल्यावर कुठल्याही चाकावर लावून घरी येता येईल, 205/65 सोबत हे जमलं नसतं. फक्त तिच्यावरचे चार आकडे वाचा. गाडीसोबत आलेली 2019 ची असेल तर नक्षी नवी कोरी दिसली तरी रबर सहा वर्षांच्या पुढे गेलंय. भिंतीवर बारीक भेगा असतील तर जुन्या मागच्या दोनांपैकी बरा असेल तोसुद्धा तिच्या जागी ठेवू नका, एक नवा 14 इंची टायर स्टेपनीसाठीच घ्या. लोखंडी रिमचे जुने नट अ‍ॅलॉयच्या नटांपेक्षा वेगळे असतील तर ते चार नट पिशवीत बांधून जॅकशेजारी ठेवा.